‘सिक्वेली’ला मराठीत काय म्हणावे? एका अहवालातील एका शब्दाचा प्रकरण अभ्यास

2023 साली रत्नागिरी जिल्ह्यातील 25 वर्षांच्या एका तरुणाच्या छातीच्या सीटी स्कॅनचा अहवाल आला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात तंतुमय पट्टे आणि चुनखडीसारखे बारीक ठिपके दिसतात, तो भाग किंचित आक्रसलेला आहे, असे इंग्रजीत वर्णन करून रेडिओलॉजिस्टने निष्कर्षाच्या जागी चार शब्द लिहिले होते: ‘सिक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स’. त्यातला पहिला शब्द घरातल्या कोणालाच कळला नाही. पुढचे सात-आठ आठवडे त्या घराने जे सोसले, त्यातले निम्मे तरी या न कळण्यातून आले, असे माझे मत आहे, आणि म्हणून ही नोंद रोगाची कमी आणि शब्दाची अधिक आहे.

मी आरोग्यविषयक मजकुराचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. या प्रकरणात मी शिरले ते शेवटाकडे, अर्ध्या पानाचा एक मराठी कागद तयार करण्याच्या निमित्ताने. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव, नावे आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत.

हकिकत

हा तरुण 2015 मध्ये, बारावीत असताना, खोकला, संध्याकाळी चढणारा ताप आणि झपाट्याने उतरलेले वजन या तक्रारी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला होता. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. सरकारी कार्यक्रमातील त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आठवड्यातून तीनदा आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर गोळ्या घ्यायच्या, पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने दोन, असा सहा महिन्यांचा कोर्स त्याने एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली आणि उपचारपत्रिकेवर ‘बरा झाला’ असा शेरा पडला. त्यानंतर त्याने आयटीआय केले, एसी दुरुस्तीचे काम शिकला आणि आठ वर्षांत त्या आजाराची घरात कोणी आठवणही काढली नाही.

आखातात काम मिळण्याची संधी आली, तेव्हा व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी करावी लागली. कोकणात या तपासणीला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, आणि ‘मेडिकलला पास झाला का?’ हा प्रश्न परीक्षेच्या निकालासारखा विचारला जातो. छातीचा फोटो काढला गेला आणि निकाल ‘अनफिट’ आला. कारण तोंडी सांगितले गेले तेही एका शब्दात: डाग. घाबरलेल्या कुटुंबाने तालुक्याच्या ठिकाणी स्वतःच्या खर्चाने सीटी स्कॅन करून घेतला आणि वर सांगितलेला अहवाल हातात पडला.

अहवाल वाचण्याचे काम धाकट्या भावाकडे आले, कारण घरात इंग्रजी त्याचेच बरे. ‘कॉक्स’चा अर्थ त्याने मोबाइलवर शोधला आणि तो टीबीच निघाला. ‘सिक्वेली’ मात्र त्याला शोधावासाही वाटला नाही, कारण तो शब्द आपल्याला येतो असे त्याला वाटले. ‘सीक्वेल म्हणजे दुसरा भाग, आई. दादाच्या टीबीचा दुसरा भाग सुरू झालाय.’ तो थट्टा करत नव्हता. सिनेमाच्या जाहिरातींतून सर्वांच्या तोंडी बसलेला ‘सीक्वेल’ आणि वैद्यकातला ‘सिक्वेला’ एकाच लॅटिन धातूपासून निघाले आहेत, आणि इंग्रजीतले अनेकवचन ‘सिक्वेली’ कानाला त्या पहिल्या शब्दाच्या फार जवळ येते. हा गैरसमज अज्ञानातून आला असे मी म्हणणार नाही. भावाने व्युत्पत्ती बरोबर ओळखली होती आणि अर्थ नेमका उलटा घेतला होता. सीक्वेलमध्ये गोष्ट पुढे चालू राहते. सिक्वेला हा शब्द गोष्ट संपल्यावरच वापरता येतो.

त्याच रात्रीपासून दादाचे ताट-वाटी वेगळे झाले. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती ‘जरा थांबू’ म्हणून थांबवली गेली. गावातल्या एका डॉक्टरांनी अहवालावर नजर टाकून ‘पुन्हा कोर्स सुरू करून टाकू’ असे सुचवले. थुंकी तपासण्याचा विषय तेथे निघालाच नाही. सुदैवाने गोळ्या सुरू होण्याआधी एका नातेवाइकाच्या आग्रहाने तो जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे पोचला.

त्यांनी केले ते साधे होते, पण त्याला वेळ लागला. बेडक्याची सीबीनॅट तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. जंतू वाढवून पाहण्यासाठी, म्हणजे कल्चरसाठी, नमुना पाठवला. द्रव माध्यमात काहीच उगवले नाही हे ठरवायला 42 दिवस थांबावे लागते, आणि या प्रकरणातले बहुतेक दिवस त्यातच गेले. दोन्ही चाचण्यांत एक फरक आहे, तो सांगायला हवा. सीबीनॅट जंतूचा जनुकीय अंश शोधते आणि उपचारानंतर काही काळ मेलेल्या जंतूंचा अंशही तिला सापडू शकतो, तर कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतो. तिसरी गोष्ट त्यांनी मागितली ती जुना फोटो. 2015 मध्ये उपचार संपताना काढलेली एक्स-रेची फिल्म आईने कपाटात साड्यांच्या खाली सपाट ठेवली होती. नवा फोटो काढून दोन्ही उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले, तेव्हा आठ वर्षांत तो डाग वाढलाही नव्हता आणि सरकलाही नव्हता. क्षय सक्रिय आहे की नाही हे एका फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. दोन फोटोंमधल्या काळात काहीच बदललेले नाही, यावरून मात्र बरेच सांगता येते.

कल्चरचा निकालही स्वच्छ आला. डॉक्टरांनी घरच्यांना हे सारे समजावले, त्यांनी माना डोलावल्या, आणि घरी ताट वेगळेच राहिले. कारण डॉक्टरांनी सांगितले होते तोंडी, आणि ‘सिक्वेली’ कागदावर छापलेले होते. तेव्हा डॉक्टरांनी मला फोन केला आणि म्हणाले की या अहवालाच्या सोबत ठेवता येईल असा अर्ध्या पानाचा मराठी कागद करून द्या, खाली मी सही करतो.

शब्दाकडून नेमकी अपेक्षा काय

काम हाती घेतल्यावर प्रथम शब्दाचा मूळ वापर तपासला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत चालू क्षयरोगाला ए15 ते ए19 हे सांकेतांक आहेत आणि क्षयाच्या सिक्वेलींना बी90 हा स्वतंत्र सांकेतांक आहे. नवव्या आवृत्तीत याच जागी ‘उशिरा दिसणारे परिणाम’ अशा अर्थाचा साधा इंग्रजी शब्दप्रयोग होता. दहाव्या आवृत्तीत लॅटिन शब्द आला. बी90 ते बी94 या गटावरील टिपेत एक अट आहे आणि माझ्या दृष्टीने सारे प्रकरण त्या अटीत आहे: उशिरा दिसणारे परिणाम या गटात तेव्हाच धरावेत, जेव्हा मूळ रोग आता अस्तित्वात नाही याचा पुरावा असेल.

म्हणजे हा शब्द एका दमात दोन विधाने करतो. रोग गेला आहे, आणि त्याच्यामुळे आलेले काहीतरी राहिले आहे. यातले एकच विधान पोचवणारा मराठी शब्द येथे अपुरा नव्हे, तर घातक ठरतो. फक्त ‘गेला’ म्हटले तर फोटोतल्या डागाचे काय, हा प्रश्न उरतो आणि फक्त ‘राहिले’ म्हटले तर ताट वेगळे राहते.

हाताशी असलेले शब्द

पहिल्या मसुद्यात मी ‘जुन्या क्षयरोगाचे दुष्परिणाम’ असे लिहिले. वर्तमानपत्री मराठीत तो सहज सुचणारा शब्द आहे. मसुदा त्या तरुणाच्या आईला वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारले, ‘म्हणजे त्या गोळ्यांनीच झालं का हे, ताई? तरी मी म्हणत होते, एवढ्या गोळ्या पोराला झेपायच्या नाहीत.’ मी चूक केली होती. मराठीत ‘दुष्परिणाम’ आता जवळजवळ पूर्णपणे औषधाला चिकटलेला शब्द आहे. तो ऐकला की मनात गोळी येते, इंजेक्शन येते, लस येते, पण रोग येत नाही. ज्या कोर्सने मुलाला वाचवले, त्याच्याच माथी माझ्या एका शब्दाने डाग मारला होता. आरोग्याच्या मराठी पत्रकांत हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास छापला जातो, आणि यापुढे तरी तो रोगाच्या बाबतीत वापरू नये, असे मला या अनुभवानंतर ठामपणे वाटते.

‘गुंतागुंत’ हा शब्द डॉक्टर मंडळी वापरतात, पण तो आजार चालू असतानाच्या अडचणींचा आहे. ‘अवशेष’ म्हटले की खोदकाम आणि पडके वाडे डोळ्यांपुढे येतात, किंवा पोलिसांच्या बातमीतले ‘मानवी अवशेष’. तो विचार मी दोन मिनिटांत सोडून दिला. लॅटिनचे वळण गिरवून ‘अनुगामी विकार’ असा शब्द घडवता येतो आणि परिभाषेच्या पुस्तकात तो शोभेल. पण त्यात रोग संपल्याचा मागमूस नाही, शिवाय ‘विकार’ हा शब्द घरात पुन्हा आजारच आणतो.

आयुर्वेदाच्या परिभाषेत ‘उपद्रव’ आहे आणि त्याच्यावर मी बराच वेळ घालवला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्प या त्वचारोगाच्या अध्यायात उपद्रवाची व्याख्या येते: रोगाच्या उत्तरकाळी, त्याच रोगाच्या आश्रयाने उत्पन्न होणारा, मोठा किंवा लहान असा दुसरा रोग. रोगाच्या मागून जन्मतो म्हणून तो उपद्रव. मागून येणे ही कल्पना लॅटिन सिक्वेलाशी थेट जुळते, कारण तो शब्दही ‘मागोमाग जाणे’ या क्रियापदापासूनच आला आहे. इंग्लंडच्या मध्ययुगीन कायद्यात तर कुळाच्या मुलाबाळांना, म्हणजे त्याच्या मागच्या पिल्लावळीला, हाच शब्द होता. पण चरकसंहिता पुढे म्हणते की मूळ व्याधी प्रधान आणि उपद्रव गौण, आणि प्रधान शमला की बहुधा उपद्रवही शमतो. सिक्वेलाचे नेमके उलटे आहे. प्रधान शमल्यावरही जे शमत नाही, ते सिक्वेला. शास्त्रातला हा भेद बाजूला ठेवला, तरी आजच्या मराठीत उपद्रव डासांचा असतो, माकडांचा असतो आणि तो चालूच असतो.

‘शेष’ या शब्दाने मला सर्वांत जास्त मोहात पाडले. ‘रोगशेष’ किंवा ‘व्याधिशेष’ हा छोटा आणि नेमका वाटणारा शब्द संस्कृतात आहेही. पण तो जिथे सर्वांत जास्त ऐकू येतो, ते सुभाषित सांगते की कर्ज, आग आणि व्याधी यांचा शेष ठेवू नये, कारण तो पुन्हा पुन्हा वाढतो. म्हणजे शब्दाच्या पोटातच ठिणगी आहे. जुन्या पिढीतल्या ज्यांच्या कानावर हे वचन आहे, त्यांना ‘क्षयाचा शेष’ म्हणजे राखेखालचा निखारा वाटणार आणि त्यांनी तसे वाटून घेतले तर दोष त्यांचा नाही.

इतर भाषांनी काय केले

एखाद्या शब्दावर अडले की मी शेजारच्या भाषांच्या दारात जाऊन पाहते. मदत मिळतेच असे नाही, पण आपली अडचण किती आपलीच आहे हे कळते.

फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी लॅटिन शब्द घरातलाच असल्यासारखा वापरात ठेवला. ‘सेकेल’, ‘सेक्वेलास’ हे शब्द तेथे रोजच्या बातम्यांत येतात, अपघातानंतरच्या लंगडण्यालाही लागतात आणि युद्धानंतरच्या मानसिक ओरखड्यांनाही. फ्रेंच माणसाला फुप्फुसाच्या फोटोखाली क्षयाचे ‘सेकेल’ असे लिहिलेले दिसले, तर निदान शब्द तरी ओळखीचा वाटेल. इंग्रजीत तोच शब्द वैद्यकाच्या कपाटात बंद राहिला, आणि आपल्याकडे अहवाल इंग्रजीतच येत असल्यामुळे आपल्या वाट्याला ते बंद कपाट आले.

जर्मनांची गोष्ट गमतीची आहे. क्षयाच्या जुन्या खुणांना जर्मन रेडिओलॉजिस्ट ‘पोस्टस्पेत्सिफिश’ बदल म्हणतात, म्हणजे ‘विशिष्टानंतरचे’. विशिष्ट म्हणजे कोणते, हे ज्याला कळायचे त्याला कळते. रॉबर्ट कॉक यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, आणि त्यांच्याच देशातले डॉक्टर क्षयाचे नाव न घेता ‘विशिष्ट’ म्हणतात, तर भारतातले डॉक्टर क्षय म्हणण्याऐवजी त्या जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव घेतात. रुग्णाला धक्का बसू नये म्हणून आपल्याकडे घातलेला हा पडदा मोबाइल हातात आल्यापासून निरुपयोगी झाला आहे. या प्रकरणात तो अर्ध्या मिनिटात फाटला.

जपानी भाषेत ‘कोइशो’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे: नंतर, मागे राहिलेले, लक्षण. चिनी आणि कोरियन भाषांतही हीच तीन अक्षरे आपापल्या उच्चाराने चालतात. जुन्या फुप्फुसाच्या क्षयाने राहिलेल्या त्रासाला जपानीत हाच शब्द लागतो आणि सामान्य माणसाला तो कळतो. मात्र कोविडच्या वेळी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘कोइशो’ऐवजी ‘लागण झाल्यानंतरची लक्षणे’ असा लांब शब्द पसंत केला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ऑक्टोबर 2021 मध्ये व्याख्या ठरवताना ‘कोविडनंतरची स्थिती’ असे मोघम नाव घेतले, तर अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत संशोधनासाठी घेतलेल्या नावात ‘सिक्वेली’ घातले होते. रोग खरोखर गेला आहे की शरीरात कोठे दडून आहे, हे ठाऊक नसताना सिक्वेली म्हणणे म्हणजे पुराव्याआधी निकाल देणे होय. त्यामुळे मोघम नाव घेणाऱ्यांचे मला पटते.

आणि अरबी. ज्या देशात जाण्यासाठी ही सारी धडपड होती, तेथील भाषेत सिक्वेलींना ‘अकाबील’ म्हणतात. आधुनिक अरबी वैद्यक कोशकारांनी हा शब्द घडवला नाही, तो जुन्या भाषेतून उचलला. जुन्या अरबी कोशांत त्याचे अर्थ दिले आहेत ते असे: आजाराचे, वैराचे आणि प्रेमाचे मागे उरलेले अंश, आणि ताप उतरल्यावर ओठांवर उठणारे फोड. हा शेवटचा अर्थ वाचल्यावर मी लॅटिन बाजूला ठेवले. ओठांवरचा फोड पाहून कोणी ताप मोजायला धावत नाही. ताप येऊन गेला, एवढेच तो सांगतो. मला मराठीत असाच शब्द हवा होता, जो शरीरावर दिसतो आणि ज्याच्याबद्दल आजीलाही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

वण

तो शब्द मराठीत होताच, माझे लक्ष नव्हते. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम, वाहणारी किंवा चिघळलेली. म्हणूनच वैद्यकीय मराठीत ‘जठरव्रण’ म्हणजे अल्सर, चालू दुखणे. तोच शब्द लोकांच्या तोंडी झिजून ‘वण’ झाला आणि झिजता झिजता त्याचा अर्थही पुढे सरकला: वण म्हणजे भरलेल्या जखमेची खूण. जखम उघडी असेपर्यंत मराठी माणूस तिला वण म्हणत नाही. ‘रोग गेला, खूण राहिली’ ही दोन्ही विधाने या दोन अक्षरांत एकत्र बसली आहेत, आणि ती कोणा परिभाषा समितीने बसवलेली नाहीत. लिहिताना ‘वण’ ग्राम्य वाटतो म्हणून शिकलेली माणसे तो सुधारून ‘व्रण’ करतात, आणि त्या सुधारणेत भरलेली जखम पुन्हा उघडते.

शिवाय या शब्दाला रोगाची साथसंगत आहे. ‘देवीचे वण’ हा शब्दप्रयोग ज्यांनी देवीचा रोगी कधी पाहिला नाही, त्यांनाही माहीत आहे. 1977 मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, 1980 मध्ये जगातून रोग गेल्याची घोषणा झाली, आणि तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे वण असलेले चेहरे गावोगाव दिसत होते. त्या चेहऱ्यांपासून कोणी दूर सरकत नसे, उलट त्या माणसाला देवी येऊन गेल्या, आता पुन्हा यायच्या नाहीत, हे सर्वांना माहीत असे. आईंना मी एवढेच म्हटले की मुलाच्या फुप्फुसावर आहे तो वण आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आमच्या आत्याच्या तोंडावर होते तसे? आतून?’

डॉक्टरांना शब्द आवडला, पण त्यांनी दोन हरकती घेतल्या, आणि दोन्ही रास्त होत्या. पहिली अशी की क्षय म्हणजे देवी नव्हे. देवी एकदा येऊन गेली की सहसा पुन्हा येत नाही, पण क्षय एकदा झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो, मग तो जुन्या जंतूने होवो की नव्या संसर्गाने. दुसरी हरकत याहून खोल होती. क्षयानंतर मागे राहणारी प्रत्येक गोष्ट वणासारखी गप्प नसते. श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहतो, वारंवार संसर्ग होतो, कधी थुंकीतून रक्त येते. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो. फुप्फुसाची क्षमता घटल्यामुळे जिना चढताना धाप लागते. अशा रुग्णाला ‘नुसता वण आहे’ म्हणून परत पाठवणे हाही अन्याय आहे, आणि आपल्याकडे तो बराच काळ होत आला, कारण कार्यक्रमाच्या लेखी ‘बरा झाला’ येथे कागद संपत असे. क्षयानंतरचा फुप्फुसविकार हा स्वतंत्र विषय म्हणून घेऊन पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथे भरला तो 2019 साली, म्हणजे जंतू सापडल्यानंतर 137 वर्षांनी. सिक्वेली हा शब्द गप्प वण आणि बोलते दुखणे या दोहोंना एकाच टोपलीत घालतो. मराठीने तसे करू नये. पहिल्याला वण म्हणावे आणि दुसऱ्याला ‘क्षयानंतरचा फुप्फुसविकार’ असे सरळ नाव द्यावे, असे आमचे दोघांचे ठरले.

आमच्या तरुणाचे काय होते? त्याची श्वासक्षमता स्पायरोमेट्रीने मोजली, ती त्याच्या वयाच्या मानाने ठीक निघाली. त्याच्यापुरता वण हा शब्द खरा होता.

मेडिकलच्या खिडकीवर मात्र या शब्दाचा काही उपयोग झाला नाही, तो होण्यासारखाही नव्हता. आखाती देशांच्या सामायिक नियमावलीत नव्या उमेदवाराच्या फुप्फुसावरचा क्षयाचा जुना वणसुद्धा अपात्रतेचे कारण धरला जातो. या नियमामागे काहीच तर्क नाही असे नाही, कारण ज्याचा क्षय कधी ओळखलाच गेला नाही, औषधाविना आपोआप दबला, अशा माणसाच्या छातीतला तसाच दिसणारा डाग पुढे जागा होऊ शकतो, आणि एका फोटोवरून या दोघांतला फरक कळत नाही. पण ज्याच्याकडे पूर्ण उपचाराची पत्रिका, आठ वर्षांच्या अंतराचे दोन फोटो आणि स्वच्छ कल्चर आहे, त्यालाही त्याच रांगेत उभे करणारा नियम आळशी आहे, असे म्हणावे लागते. ‘अकाबील’सारखा शब्द ज्या भाषेत आहे, तेथे हा नियम लागू असावा याचे मला वाईट वाटले. त्या तरुणाने चिपळूणला एसी दुरुस्तीचे काम धरले.

अर्धे पान

कागदाचा अंतिम मजकूर तिसऱ्या मसुद्यात ठरला. सिक्वेली, कॉक्स, सुप्त, सक्रिय यांतला एकही शब्द त्यात नाही. तो असा:

‘तुम्हाला 2015 मध्ये फुप्फुसाचा क्षय झाला होता. सहा महिने पूर्ण औषधे घेतल्यावर तो बरा झाला. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसा त्या जागी फुप्फुसावर वण राहिला आहे. फोटोत दिसतो तो हा वण. 2015 च्या फोटोतही तो होता आणि तेव्हापासून त्यात बदल झालेला नाही. थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले नाहीत. तुमच्यापासून घरात कोणाला लागण होण्याची भीती नाही. ताट-वाटी, अंथरूण वेगळे ठेवण्याची गरज नाही. क्षयाची औषधे पुन्हा घेण्याची आज गरज नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही झाले तर येताना दोन्ही फोटो आणि हा कागद घेऊन या.’

ताट-वाटीचे वाक्य डॉक्टरांना आधी अनावश्यक वाटले होते. कागद ज्या कारणासाठी करायचा ते कारण तेच आहे, असे मी म्हटल्यावर त्यांनी ते राहू दिले. आईंना कागद वाचून दाखवला, तेव्हा त्या ‘आज’ या शब्दावर थांबल्या. ‘आज गरज नाही म्हणजे उद्या लागेल असं का? तो शब्द काढून टाका ना.’ मला तो काढावासा वाटत होता, कारण वाक्य त्याच्याशिवाय जास्त धीर देते. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. उद्याची खात्री माझ्या सहीने देता येणार नाही, असे ते म्हणाले. शेवटी ‘आज’ राहिला आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन त्या दिवसाची तारीख घातली.